जिंकला त्याला काय म्हणायचं? ट्रॉफी, फ्लेक्स आणि सर्टिफिकेट बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझं ट्रॉफी, फ्लेक्स आणि डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. यात्रांचा सीझन सुरू झाला की रोज आठ-दहा जण येतात आणि पैशापेक्षा जास्त घासाघीस शब्दांवर करतात. दादा विजेता टाकू का विजयी, अजिंक्य बरोबर का अजेय, पोरगी जिंकलीय तर काय लिहायचं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काय भाषेचा प्राध्यापक नाही, पण चुकलेल्या शिल्डा पदरच्या पैशानं परत करून करून बरंच शिकलोय.

हरवणाऱ्याला मराठीत एका शब्दात काय म्हणतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो. रोजच्या बोलण्यात असा एक शब्द नाहीच. विजेता म्हणजे स्पर्धा जिंकलेला, त्यात कोणाला हरवलं ते येत नाही. 'हरवणारा' असं बनवता येतं, पण तुम्ही कधी चावडीवर कोणाला "तो बघ हरवणारा चाललाय" म्हणताना ऐकलंय का? शिवाय हरवणारा म्हटलं की छत्री आणि चाव्या हरवणारा माणूसच आधी डोळ्यापुढं येतो.

आपल्याकडं हे काम नामापेक्षा क्रियापद करतं. लोळवला, पाडला, आडवा केला, धूळ चारली, पाणी पाजलं, खडे चारले, आस्मान दाखवलं, धुव्वा उडवला, पुरून उरला. मोजायला बसलात तर तासभर पुरेल इतकी आहेत. त्यामुळं मी गिऱ्हाईकाला आधी विचारतो की लढत कसली होती. कुस्ती, क्रिकेट, निवडणूक, बैलगाडा, बुद्धिबळ, प्रत्येकाचा शब्द वेगळा आहे आणि एकाचा दुसऱ्याला लावला की वाचणारा हसतो.

पण विजेता म्हणजे हरवणाराच की, फरक काय पडतो?

पडतो. २०२५ ची रणजी फायनल घ्या, नागपूरला विदर्भ आणि केरळ. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९, केरळच्या ३४२, आणि पाच दिवस संपले तेव्हा मॅच ड्रॉ. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता झाला. म्हणजे फायनलमध्ये विदर्भानं केरळला हरवलं असं म्हणता येत नाही, तरी करंडक त्यांचाच. विजेता आहे, हरवणारा नाही.

आता उलटं बघा. आमच्या जिल्ह्यातले गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना आपण पदकविजेते म्हणतो आणि बरोबरच म्हणतो, पण नंबर तिसरा होता. त्यापुढं जाऊन लॉटरी लागलेला पण 'भाग्यवान विजेता', त्यानं तर कोणाशी दोन हात पण केलेले नसतात. ग्रामपंचायतीला बिनविरोध निवडून आलेला पण 'विजयी उमेदवार', समोर कोणी नव्हतंच. तेव्हा विजेता हा शब्द आपण बक्षीस घरी नेणाऱ्यासाठी वापरतो. समोरच्याला पाडलंच पाहिजे अशी अट त्यात नाही.

पुरस्कार असेल तर मी विजेता टाकूच देत नाही. साहित्याचा नाहीतर समाजकार्याचा पुरस्कार मिळालेला माणूस कोणाला हरवून आलेला नसतो. तिथं 'मानकरी' लिहा. किती छान शब्द आहे, यात्रेतल्या पालखीच्या मानाचा वास आहे त्याला.

विजेता, विजयी आणि जेता, तिन्ही एकच का?

विजेता नाम आहे, एकटं उभं राहू शकतं: "विजेता कोण?" विजयी हे विशेषण, त्याला पुढं काहीतरी लागतं: विजयी संघ, विजयी उमेदवार. 'विजेता उमेदवार' असं कोणी म्हणत नाही, कानाला खटकतं, पण 'विजेता संघ' मात्र चालतं. का ते विचारू नका, कानाला विचारा. बक्षीस समारंभाच्या फ्लेक्सवर विजेता आणि मिरवणुकीच्या फ्लेक्सवर विजयी, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

जेता ट्रॉफीवर नको. तो शब्द राज्यं जिंकणाऱ्यांचा आहे, जित आणि जेते अशी जोडी येते, म्हणजे इंग्रज जेते आणि आपण जित. व्हॉलीबॉलच्या कपवर जेता लिहिलं की समोरच्या गावावर कर बसवल्यासारखं वाटतं.

मुलगी जिंकली तर विजेता, विजेती का विजेत्री?

विजेती. संस्कृतच्या हिशोबानं नेता-नेत्री, अभिनेता-अभिनेत्री तसं विजेत्री होईल, पण मराठीत रुळलंय ते विजेती. अनेक असतील तर विजेत्या. मुलं-मुली मिश्र असतील तर विजेते.

आता यातली खरी भानगड पुढं आहे. विजेताला बक्षीस देण्यात येईल, विजेताचे नाव, विजेतांना ट्रॉफी, असल्या मजकुराचे कागद माझ्याकडं दर आठवड्याला येतात. चूक आहे. विजेत्याला, विजेत्याचे, विजेत्यांना. मुलीसाठी विजेतीला आणि अनेकींसाठी विजेत्यांना. नेत्याला म्हणता ना, नेताला नाही ना म्हणत, मग झालं.

जगज्जेता, जगतजेता, जगजेता. बरोबर काय?

जगज्जेता. जगत् अधिक जेता, त् पुढं ज आला की त् चा पण ज् होतो, म्हणून दोन ज. सज्जन असंच झालंय (सत् आणि जन) आणि उज्ज्वल पण. उज्ज्वल हा शब्द तर निम्मा महाराष्ट्र एका ज नं लिहितो, उज्ज्वल नावाची माणसं पण.

विश्वविजेता आणि विश्वचषक विजेता यात काही फरक आहे का, जागा वाचवायला एकच टाकतो.

क्रिकेटमध्ये फरक नाही, तिथं चषक जिंकला तोच जगज्जेता. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं, त्या विश्वचषक विजेत्या आणि जगज्जेत्या पण.

बुद्धिबळात मात्र जमीन अस्मानाचा फरक आहे. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच जोरावर ग्रँडमास्टर झाली. पण तिला जगज्जेती लिहिलं तर चुकतं, कारण बुद्धिबळातलं जगज्जेतेपद ही वेगळी लढत असते, आधीच्या जगज्जेत्याला आव्हान देऊन समोरासमोर बसून हरवावं लागतं, जसं डी. गुकेशनं डिसेंबर २०२४ मध्ये डिंग लिरेनला हरवलं. तिथं फक्त स्पर्धा जिंकून भागत नाही, गादीवर बसलेल्याला उठवावं लागतं. जुलैमध्ये माझ्याकडं अभिनंदनाचे तीन फ्लेक्स आले आणि तिन्हीवर 'जगज्जेती दिव्या' होतं. दोघांनी ऐकलं, तिसऱ्यानं "लोकांना काय कळतंय" म्हणून तसाच छापून नेला.

अजिंक्य, अजेय, अपराजित. आमची टीम यंदा एकपण मॅच हरली नाही, यातलं कोणतं?

अपराजित. न हरलेला एवढाच त्याचा अर्थ, आत्तापर्यंतचा हिशोब आहे तो. अजेय आणि अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकताच येत नाही असा, तो दावा आहे. एका सीझनवर एवढा मोठा दावा करू नये असं माझं मत आहे, पण गिऱ्हाईकाला मोठाच शब्द पाहिजे असतो.

मधे एका मंडळानं 'नाबाद संघ' असं लिहून आणलेलं. अहो नाबाद बॅट्समन असतो, अख्खी टीम नाबाद कशी असेल, म्हणजे अकरा जण आउटच झाले नाहीत का? बराच वेळ समजावलं.

अजिंक्य शब्दाची गंमत सांगतो. तो संस्कृत वाटतो पण आपण घरी बनवलेला आहे. जिंकणे ही मराठी क्रिया, तिला मागं अ आणि पुढं य लावून सोवळं नेसवलं. संस्कृतमध्ये अजेय आणि अजय्य आहेत. त्यातपण जेय म्हणजे जिंकायला हवा असा आणि जय्य म्हणजे जिंकणं शक्य आहे असा, पाणिनीनं यासाठी वेगळं सूत्रच दिलंय. म्हणजे जिंकणं शक्यच नाही तो खरं तर अजय्य. पण अजय्य लिहून दिलं तर लोक म्हणतील अजय लिहिताना हात अडखळला.

आणि आम्ही सातारकर अजिंक्य म्हटलं की मान वर करून किल्ल्याकडं बघतो. अजिंक्यतारा. नाव असं आणि इतिहास बघा. औरंगजेब स्वतः वेढा घालून बसला, डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत, प्रयागजी प्रभूंनी किल्ला झुंजवला, शेवटी गेला. मोगलांनी नाव ठेवलं आझमतारा. पुढं ताराराणींच्या माणसांनी परत घेतला आणि नाव झालं अजिंक्यतारा. मग १७०८ च्या आसपास शाहू महाराजांनी घेतला, मग १८१८ ला इंग्रजांनी. म्हणजे अजिंक्य नाव पडल्यावर पण दोनदा जिंकला गेला. तरी नाव तेच राहिलं, आणि गावातल्या निम्म्या दुकानांना, पतसंस्थांना आणि पोरांना पण तेच.

एक कबुली. दुकान नवीन होतं तेव्हा मी एका शाळेच्या पंधरा शिल्डांवर 'अंजिक्य' कोरून दिलं, अनुस्वार एक घर आधी. मी तपासलं नाही, त्यांनी तपासलं नाही, पाहुण्यांच्या हस्ते वाटप झालं, आणि घरी गेल्यावर एका पोराच्या आजीनं चष्मा लावून वाचलं. पंधराच्या पंधरा पट्ट्या बदलून दिल्या. तेव्हापासून अजिंक्य शब्द आला की मी बोट ठेवून वाचतो: अ, जिं, क्य.

अजित म्हणजे न जिंकलेला ना? मग पोराचं नाव कशाला ठेवतात लोक?

न जिंकलेला नाही, न जिंकला गेलेला. जित म्हणजे ज्याला जिंकलंय तो, पराजित, विजित सगळे त्याच घरातले. अ लागला की ज्याला कोणी जिंकलं नाही असा, म्हणजे नाव एकदम दमदार आहे.

मग तुम्ही म्हणाल इंद्रजित म्हणजे इंद्रानं जिंकलेला का? तर नाही, इंद्राला जिंकणारा. कारण तिथला शेवटचा त पाय मोडका आहे, इंद्रजित्, आणि पाय मोडका जित् म्हणजे जिंकणारा. मराठीत आपण तो पाय मोडायचं सोडून दिलं त्यामुळं हरलेला आणि हरवणारा एकाच वेषात फिरतात. रणजित, विश्वजित हे जिंकणारे, अजित हा न हरलेला. आणि जितेंद्र म्हणजे पण इंद्राला जिंकलेलाच, फक्त तुकडे उलटे लावलेत.

याच जि धातूतून 'जिन' आला, म्हणजे जिंकलेला, ज्यानं राग-लोभ जिंकले तो, आणि जिनांना मानणारे ते जैन. हे मला आमच्या सांगलीच्या कागद व्यापाऱ्यानं सांगितलं, बिलाच्या वादातून विषय निघाला होता.

म्हणजे 'अमक्याला हरवणारा' असा शब्द जुन्या भाषेत होता की. मग तसा नवीन बनवू का?

होता, आणि भरपूर होते, पण ते सगळे देवांच्या वाट्याला गेले. मुर राक्षसाचा अरी तो मुरारी. तीन पुरं जाळली तो त्रिपुरारी. मधू नावाच्या दैत्याला मारला तो मधुसूदन. महिषासुरमर्दिनी तर सगळ्यांना माहितीय. आणि आपला घरचा म्हणजे मल्हारी. मणी आणि मल्ल हे दोघं दैत्य भाऊ, खंडोबानं त्यांना मारलं, म्हणून मल्ल अधिक अरी मल्लारी, त्याचं मल्हारी. चंपाषष्ठी त्याचीच. गोष्ट अशी सांगतात की मल्लानं मरताना मागून घेतलं की तुझ्या नावाआधी माझं नाव लागू दे. आणि मणी शरण आला म्हणून जेजुरीला त्यालापण जागा आहे. मला हे फार आवडतं. हरवणाऱ्याच्या नावात हरलेला कायमचा बसलाय, येळकोट करताना दोघांचं नाव एका दमात घेतलं जातं.

पण आत्ता बनवायला जाल तर फसाल. गेल्या वर्षी एका पोरानं हौसेनं शेजारच्या वडगावला हरवलं म्हणून 'वडगावजित क्रिकेट क्लब' असं टी-शर्टवर टाकायला सांगितलं. मी म्हटलं वडगावजित वाचून वडगाव जिंकलं असंच वाटणार. तो म्हणाला खरंच की, आणि नुसतं 'चॅम्पियन' टाकून गेला.

केसरी म्हणजे नक्की काय? आमच्या यात्रेला 'गाव केसरी' किताब ठेवला तर चालेल का?

केसर म्हणजे आयाळ, आयाळवाला तो केसरी, सिंह. टिळकांचा १८८१ चा केसरी पण सिंहच. रंगाशी संबंध नाही, तरी नव्वद टक्के लोक केसरी म्हटलं की बॅकग्राउंड भगवं द्यायला सांगतात. देतो बापडा.

किताब म्हणून याचं वजन कुस्तीनं वाढवलं. १९५९ ला श्रीपती खंचनाळेंनी पंजाबच्या बंतासिंगला हरवलं आणि महाराष्ट्राचे पहिले हिंद केसरी झाले. १९६१ ला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी. तिथं चांदीची गदा मिळते आणि तो फोटो, खांद्यावर गदा, डोक्यावर फेटा, गुलालानं माखलेलं तोंड, तो एकदा छापला की पैलवानाच्या नावापुढं जन्मभर किताब लागतो. दोनदा जिंकला तर डबल, तीनदा तर ट्रिपल महाराष्ट्र केसरी. नरसिंग यादव २०११, १२, १३ आणि विजय चौधरी २०१४, १५, १६, हे दोघं ट्रिपल. डबल आणि ट्रिपल हे शब्द इंग्रजी आहेत म्हणून नाकं मुरडू नका, 'द्विवार महाराष्ट्र केसरी' असं म्हणून बघा तालमीत, हलगीवाला पण थांबेल.

गाव केसरी, तालुका केसरी, कोणीही ठेवतं, हरकत काहीच नाही. फक्त साल आणि ठिकाण टाका. २०२५ साली तर महाराष्ट्र केसरीच्याच दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, एक अहिल्यानगरला आणि एक कर्जतला, त्यामुळं नुसतं 'महाराष्ट्र केसरी २०२५' लिहिलं की वाचणारा विचारतो, कोणता?

दुसऱ्या नंबरला 'उपमहाराष्ट्र केसरी' म्हणतात. हा शब्द बारीक फाँटमध्ये टाकायचा नाही. तोही पैलवान आहे, येऊन विचारतो.

पैलवान, मल्ल आणि वस्ताद हे विजेत्याचे शब्द आहेत का?

नाहीत. पैलवान आणि मल्ल म्हणजे कुस्ती करणारा, हरलेलापण पैलवानच. वस्ताद म्हणजे शिकवणारा. बोलताना "लई वस्ताद आहे" म्हणजे हुशार, बेरका, ते वेगळं.

कुस्तीच्या बॅनरवर 'चीतपट केले' असं टाकायचंय.

आधी सांगा पाठ लागली होती का? चीतपट म्हणजे पाठ मातीला टेकली, डोळ्यापुढं आभाळ आलं. आस्मान दाखवलं हे तिथूनच आलंय, उताणा पडलेल्याला दुसरं काय दिसणार. मॅटवर दोन्ही खांदे टेकवले तर चीतपट म्हणा, पण गुणांवर जिंकला असेल तर नाही. फ्री स्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबवून विजयी घोषित करतात, तो दणदणीत विजय असला तरी चीतपट नव्हे. हा फरक शहरातल्या गिऱ्हाईकाला कळत नाही आणि तालमीतल्या पोराला सांगावा लागत नाही.

तालमीत बोलतात "कुस्ती मारली". जिंकली वगैरे नाही. "घिस्स्यावर मारली", "ढाकेवर मारली", म्हणजे कोणत्या डावानं ते सांगितलं की झालं. धोबीपछाड पण डावच आहे, धोबी कपडा खांद्यावरून आणून दगडावर आपटतो तसा माणूस आपटायचा. आता तो शब्द निवडणुकीच्या बातम्यांनीच वापरून वापरून पातळ केला. आणि निकाल लागला नाही तर कुस्ती 'बरोबरीत सोडवली'. लहान पोरांची रेवड्यांवरची कुस्ती असते तिथं कोणीपण जिंको, रेवड्या दोघांना मिळतात, तिथं बॅनर लागत नाही.

'शेरास सव्वाशेर' लिहून वाघ-सिंहाचा फोटो टाका.

टाकतो, पण तो शेर वाघसिंह नाही हो. वजनाचा शेर. पावशेर, अच्छेर, शेर, पायलीत चार शेर, मणात चाळीस शेर. एक शेर ताकदीचा माणूस आणि त्याच्यापुढं सव्वा शेराचा निघाला, पावशेर जास्त. म्हणजे खरा फोटो तराजूचा टाकायला पाहिजे. एका गिऱ्हाईकाला मी तराजू टाकून दाखवला, तो म्हणाला "किराणा मालाचं दुकान उघडतोय का मी?" सिंहच गेला शेवटी.

हरवणाऱ्याला नाव द्यायच्या जवळ जाणारा आपला बोलीतला शब्द मात्र हाच आहे. "त्याला सव्वाशेर भेटला" म्हटलं की दोघंही डोळ्यापुढं येतात, आणि केवढ्या फरकानं हरला तेपण.

मात दिली का मात केली?

मराठीत मात करतात, ती पण कोणावर तरी: "मुंबईनं पुण्यावर मात केली". मात दिली हे हिंदीतून आलंय, बातम्यांत घुसलंय, आता काढणं अवघड आहे. शब्द मूळचा फारसी, बुद्धिबळातला शह आणि मात, राजा अडकला की मात. म्हणून मात हा शब्द मला डोक्यानं जिंकलेल्या लढतीला बरा वाटतो. अडचणींवर, आजारावर मात करता येते. आजाराला धूळ चारली असं कोणी म्हणत नाही.

निवडणुकीत जिंकलेल्याला काय लिहायचं?

फ्लेक्सवर 'विजयी' आणि 'प्रचंड बहुमताने', दोन मतांनी आला तरी प्रचंडच. बोलताना निवडून आला, लागला, आणि "गुलाल कोणाचा?" म्हणजे जिंकलं कोण. समोरच्यासाठी पडला, आपटला, आणि आमदारकी-खासदारकीला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही मिळाली तर डिपॉझिट जप्त. हे शेवटचं तर नुसत्या पडण्यापेक्षा जास्त लागतं मनाला.

मोठ्या माणसाला पाडणाऱ्यासाठी मात्र मराठीनं उसना शब्द घेतला, जायंट किलर. १९६७ ला दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं, पाटील म्हणजे मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणायचे त्यांना, तेव्हापासून जॉर्जना हेच बिरुद चिकटलं. बघा, नामाची गरज पडली तर इंग्रजीकडं हात पसरला, कारण आपल्याकडं 'पाडणारा' म्हटलं की नारळ पाडणारा आठवतो.

समोरच्या गावाला 'धूळ चारली' असं फ्लेक्सवर टाकलं तर चालेल ना?

छापून देतो, पण लावणार कुठं ते सांगा. एसटी स्टँडवर लावणार असाल तर समोरचं गाव पण त्याच स्टँडवरून जातं. माझा असा एक फ्लेक्स संध्याकाळी सहाला लागला आणि रात्री दहाला फाटला, दुसऱ्या दिवशी तेच पोरगं परत आलं, तेवढाच माझा धंदा झाला खरा. 'खडे चारले', 'पाणी पाजलं', 'लोळवलं' हे स्टेटसला ठेवा. फ्लेक्सवर विजयी संघ पुरे.

बैलगाडा शर्यतीत जिंकणाऱ्याला काय म्हणतात?

पुणे जिल्ह्याकडं घाटात पळतात तिकडं सगळ्यात कमी सेकंदात आला तो 'घाटाचा राजा'. आमच्याकडं बैलांना पण हिंदकेसरी म्हणतात. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीचा कायदा मान्य केल्यापासून या ट्रॉफ्यांच्या ऑर्डरी जोरात आहेत. बैलाचं नाव मोठं, मालकाचं बारीक, आणि ड्रायव्हरचं विसरू नका. मालक सांगायला विसरतो, ड्रायव्हर विसरत नाही.

पत्त्यांची स्पर्धा ठेवलीय सोसायटीत, तिथं काही खास शब्द?

मेंढीकोट असेल तर चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, एकाच पार्टीनं उचलल्या की समोरच्यावर कोट. तेराच्या तेरा हात मारले तर बावन्न पत्त्यांचा कोट, तो झाला की दोन पिढ्या आठवण काढतात. पण कोट देणाऱ्याला वेगळं नाव नाही.

लहान पोरांच्या खेळात तर हे अजूनच उघडं दिसतं. गुलामचोरमध्ये हरणारा चोर, लपाछपीत पकडला गेला त्याच्यावर राज्य. हरणाऱ्याला नाव आहे, जिंकणारा नुसता 'सुटला'. आणि राज्य पण कोणाला मिळतं बघा, हरलेल्याला.

हरलेल्याच्या सर्टिफिकेटवर काय लिहू?

फायनल हरला तर उपविजेता. पराभूत लिहू नका, तो बातमीतला शब्द आहे. तिसऱ्याला तृतीय क्रमांक. त्याच्याखाली 'उत्तेजनार्थ' लिहायची पद्धत आहे, मला तो शब्द वाचला की हसू येतं, मी 'प्रोत्साहनपर' सुचवतो. आणि बक्षिसाला पारितोषिक लिहिणार असाल तर मध्ये षि आहे, पारितोषक नाही.

ऑर्डर फोनवर सांगितली तर चालते का?

नाही. व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा, मी प्रूफ पाठवतो, तुम्ही आणि घरातला अजून एक जण वाचा, मग ओके म्हणा. मागं एकानं गाडी चालवता चालवता फोनवर मजकूर सांगितला, मागं वारा, हॉर्न, मी आपलं ऐकू आलं ते लिहिलं, आणि घाईत प्रूफ न बघता कप गेला. क्रिकेटचा होता. वर मोठ्या अक्षरात 'विजेचा संघ' असं आलं. बदलून देतो म्हटलं तर घेऊन यायलाच तयार नाहीत, त्यांचा ओपनिंग बॅट्समन वायरमन आहे, त्यानं तो कप घरी शोकेसमध्ये ठेवलाय.